लाख रानाची, सूर परगांवचा

एखादें गाणें मनापासून आवडलें म्हणजे तें एकट्यानेंच ऐकून समाधान होत नाहीं, हा प्रत्येक रसिकाचा अनुभव आहे. कोणाला तरी हांक मारून आणावें, शेजारीं बसवावें, आणि ज्या जागेवर आपल्या अंगावर कांटा उभा राहिला ती जागा आली म्हणजे हळूच त्याच्या चेहऱ्याकडे पाहावें, असें वाटतें. त्यानेंही मान डोलावली कीं आपला आनंद दुणावतो. तो तसाच बसून राहिला तर गाण्याचा नव्हे, आपलाच कांहीं अपमान झाला असें वाटतें. ही मनोवृत्ति जुनी आहे. परंतु तिला जें आजचें रूप आलें आहे तें मात्र फार तर सवाशें वर्षांचें. ग्रामोफोन येण्यापूर्वीं शिफारस करतां येई ती गवयाची, गाण्याची नव्हे. 'अमक्या बुवांना एकदां ऐकाच' असें सांगणें सोपें होतें. पण बुवा गांवांत यावे, त्यांची बैठक जमावी आणि त्या रात्रीं त्यांचा गळा लागावा, हे सर्व योग जुळल्याशिवाय त्या शिफारशीला अर्थ नसे. तबकडीनें गाणें ही उसनी देतां येण्याजोगी वस्तु केली. या बदलाचा इतिहास चांदा जिल्ह्याच्या रानांतून पाहिला असतां त्याची एक अशी बाजू दिसते, जी मुंबई-पुण्याहून सहसा दिसत नाहीं.

या विचाराला निमित्त झालें तें एका जुन्या पेटीचें. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत ब्रह्मपुरीस एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. त्यांच्या आजोबांच्या वेळचा चावीचा ग्रामोफोन माळ्यावरून खालीं काढण्यांत आला. स्नेह्यांच्या वृद्ध वडिलांनीं तबकड्या एकामागून एक पुसून पाहिल्या, बहुतेक बाजूस सारल्या आणि एक उचलून म्हणाले, "बाकीच्या राहूं द्या, पण ही ऐकल्यावांचून तुम्हांला उठूं देणार नाहीं." सुई टेकली, आणि खरखरीच्या पडद्याआडून बालगंधर्वांचा आवाज आला. तीन मिनिटांत तें पद संपलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या शांततेंत खिडकीबाहेरच्या बांधींतून रोवणी करणाऱ्या बायांचें गाणें ऐकूं आलें. तें सकाळपासून चाललें असावें. आमच्या कानीं पडत होतें, पण आम्हीं तें ऐकलें नव्हतें. त्याच्याकडे कोणीं बोट दाखविलें नव्हतें. पुढें पेटींतील एका फुटक्या तबकडीचा तुकडा माझ्या हातीं देत ते गृहस्थ सहज म्हणाले, "ही लाख आहे बरें. आपल्याच पळसाची म्हणाना!"

त्या वाक्यांत मोठा इतिहास सामावलेला आहे. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केला आणि १८८७ सालीं बर्लिनरनें वाटोळ्या, चपट्या तबकडीवर आवाज उमटविण्याच्या युक्तीचा हक्क घेतला. १९०२ च्या उत्तरार्धांत ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेस्बर्ग हा कलकत्त्यास आला व नोव्हेंबरांत त्यानें गोहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. मूळ मुद्रणें जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात आणि तेथून तयार तबकड्या परत येत. त्या परक्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणता हें कळावें म्हणून गाणें संपतांच गायिकेनें आपलें नांव मोठ्यानें उच्चारण्याची रीत पडली. १९०८ सालीं तबकड्या दाबण्याचा कारखाना कलकत्त्यासच उभा राहिला आणि मग हा व्यापार देशभर झपाट्यानें पसरला.

ही तबकडी कशाची केलेली असे? दगडाची भुकटी, काजळी, कापसाचे तंतु असे अनेक पदार्थ तींत असत. परंतु या सर्वांना बांधून ठेवणारा आणि सुईखालीं न चुरतां स्वराची बारीक नागमोडी रेघ जपणारा पदार्थ म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर इत्यादि झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर एक सूक्ष्म किडा आपल्याभोंवतीं राळेसारखें कवच करतो. त्या डहाळ्या तोडून, खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा करतात. जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा हिस्सा हिंदुस्थानच पुरवीत असे, आणि छोटा नागपुराबरोबर मध्यप्रांतांतील रानेंही त्यांत भर घालीत. चांदा जिल्ह्याच्या वनोत्पन्नांत सागवान, बांबू, मोह, तेंदू यांच्या जोडीला लाख होतीच. ती गोळा करणारे हात बहुधा गोंडांचे व त्यांच्यासारख्या इतर वनवासी जातींचे असत. लाख एकदां वितळली कीं ती कोणत्या झाडाची हें ओळखूं येत नाहीं. म्हणून त्या तबकडीवर गवयाचें नांव छापलें गेलें, कंपनीचें चिन्ह छापलें गेलें, पण रानाची खूण कांहीं राहिली नाहीं. १९४२ सालीं जपानशीं युद्ध जुंपल्यावर अमेरिकेनें तबकड्यांसाठीं लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले, तेव्हां कोठें त्या श्रीमंत देशांतील श्रोत्यांच्या ध्यानीं आलें असेल कीं आपलें संगीत हिंदुस्थानांतल्या एका किड्यावर अवलंबून आहे.

आतां तबकडीच्या उलट प्रवासाकडे वळूं. वर्ध्याहून वरोऱ्यास व पुढें चांदा-बल्लारशाहकडे जाणारा लोहमार्ग प्रथम कोळशासाठीं झाला; १९२९ सालीं काझीपेठ-बल्लारशाह हा दुवा जोडला गेला आणि चांदा दिल्ली-मद्रास या हमरस्त्यावर आलें. दुसरीकडे गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल अशीं स्टेशनें घेत अरुंद मार्गाची गाडी चांदा फोर्टला येई. याच गाड्यांतून रानांतला माल बाहेर गेला आणि शहरांतल्या वस्तू आंत आल्या. त्या वस्तूंत कर्ण्याचा ग्रामोफोनही होता. वकील, मालगुजार, डॉक्टर, लांकडाचे ठेकेदार यांच्यापैकीं एखाद्याच्या घरीं पेटी यावी आणि संध्याकाळीं आळीनें तिच्याभोंवतीं जमावें, हें त्या काळच्या लहान शहरांचें सार्वत्रिक चित्र आहे. पेटी एकाची, आवड सर्वांची. नव्या तबकड्यांची यादी आली कीं कोणती मागवावी यावर वाद होई. कारण पैसे मोजकेच असत आणि तबकडी चुकीची निघाली तर शिफारस करणाराला महिनाभर टोमणे खावे लागत. एका बाजूस तीन मिनिटांहून कांहींसेंच अधिक गाणें मावे; त्यामुळें तें पुनःपुन्हां ऐकलें जाई, पाठ होई, आणि 'पहा, ही जागा आली' असें आधींच सांगतां येई. श्रोत्याला समीक्षक करण्याचें काम या छोट्याशा मर्यादेनें जितकें केलें तितकें क्वचितच दुसऱ्या कशानें केलें असेल.

तबकडीची ही शिफारस किती दूर पोंचे याचे दाखले प्रसिद्ध आहेत. भीमसेन जोशी यांनीं लहानपणीं एका दुकानांत अब्दुल करीम खांसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्या स्वरांच्या ओढीनें १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, घर सोडलें. कुमार गंधर्वांनीं बालवयांत थोरांच्या तबकड्या ऐकून त्यांचें गाणें हुबेहूब उचललें, आणि लोक तोंडांत बोट घालून पाहात राहिले. गुरु भेटण्यापूर्वींच गुरूचा आवाज भेटावा, हें यापूर्वीं कधीं घडलें नव्हतें.

विदर्भाचाही या व्यापारांत मोलाचा वांटा आहे. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता मूळच्या खामगांवच्या आणि नागपुरास वकिलीचें शिक्षण घेतलेल्या जी. एन. जोशी यांनीं चाल लावून गाइली. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती तबकडीवर आली आणि पाहतां पाहतां महाराष्ट्रभर झाली. तोंवर तबकडीवरचें मराठी गाणें म्हणजे बहुधा नाटकांतलें पद किंवा अभंग. नाटकाच्या आधारावांचून, केवळ एका कवीचे शब्द आणि एका गायकाचा स्वर घरोघर जाऊं शकतो, हें या तबकडीनें दाखविलें. भावगीताची वाट येथून रुंद झाली. तिच्यावर जाहिरातीपेक्षां मित्रांनीं मित्रांना सांगण्याचाच उपकार अधिक असावा. त्या कवितेंत रान आहे. चांद्याच्या रसिकालाही ती ऐकतांना आपलेंच रान आठवलें असेल. परंतु तें रान कवीच्या दृष्टीला दिसलेलें, वऱ्हाडाकडचें आणि मराठींतलें. रानांत राहणाराचा आवाज त्यांत असण्याचें कारण नव्हतें.

शिफारशीचें याहूनही विलक्षण उदाहरण १९७७ सालचें आहे. त्या वर्षीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं व त्यांवर पृथ्वीचा परिचय म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसविली. हिंदुस्थानचें म्हणून कोणतें गाणें घ्यावें, असा प्रश्न निघाला तेव्हां रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञानें केसरबाई केरकरांच्या भैरवीचा आग्रह धरला. ती तबकडी सहजासहजीं मिळेना. अखेर न्यूयॉर्कमध्यें एका हिंदी कुटुंबाच्या दुकानांत तिच्या प्रती सांपडल्या. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या गायिकेचा स्वर आज ताऱ्यांमधल्या अवकाशांत आहे, याचीं कारणें दोनच: तो कोणीं तरी तबकडीवर धरून ठेवला होता, आणि कोणीं तरी 'हा ऐकाच' म्हणून हट्ट धरला. गाण्याला दूर जाण्यास मुद्रण आणि शिफारस अशीं दोन पाउलें लागतात. एक पाऊल नसलें कीं उत्तमांतलें उत्तम गाणेंही गांवाची शींव ओलांडीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं मोठेमोठे गवईही तबकडीवर आले नाहींत. हें खरें आहे. भास्करबुवा बखल्यांचा स्वर आपल्याला ऐकावयास मिळत नाहीं. अल्लादिया खांसाहेबांनीं ध्वनिमुद्रणास नकारच दिला. पण ज्यानें नकार दिला त्याला निदान विचारलें गेलें होतें. शिवाय भास्करबुवांचें गाणें बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांच्या मुखानें, आणि खांसाहेबांचें केसरबाई व मोगूबाई यांच्या मुखानें पुढें चाललें व तबकडीवरही उतरलें. चांद्याच्या रानांतील गायकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कोणीं विचारलेंच नाहीं.

असें कां झालें हें पाहतांना कोणा एकावर दोष ठेवण्याचें कारण नाहीं. तबकडी ही विकावयाची वस्तु. जो ती घेईल त्याच्या आवडीचेंच गाणें तिच्यावर येणार. लाख गोळा करणाऱ्या गोंडाच्या घरीं पेटी नव्हती, म्हणून त्याच्या भाषेंतील गाण्याला बाजार नव्हता. दुसरें कारण गाण्याच्या स्वभावांतच आहे. 'रेला'चें गाणें एकट्यानें बसून गावयाचें नसतें. मुलें-मुली हातांत हात गुंफून, ढोलाच्या ठेक्यावर पावलें टाकीत तें गातात, एका बाजूनें चरण उचलावा आणि दुसरीनें त्याला उत्तर द्यावें, असें रात्र सरेपर्यंत चालतें. त्यांतून तीन मिनिटें कशीं कापावयाचीं आणि तबकडीवर नांव कोणाचें घालावयाचें? परधान हे गोंडांचे भाट. तंतुवाद्यावर गज फिरवीत ते आपल्या यजमानांच्या कुळाची व देवांची कथा सांगतात. ती कथा ऐकावयास जो हक्काचा श्रोता लागतो तो दिवाणखान्यांत नसतो. तिसरें कारण मात्र आपल्याला जवळचें आहे आणि थोडें बोचणारेंही आहे. ज्या सुशिक्षितांच्या शब्दाला कंपनीच्या दुकानदारापाशीं मान होता, त्यांच्या तोंडून रानांतल्या गाण्याचें नांव निघालें नाहीं. आपण शिफारस केली ती नेहमीं दूरच्या गाण्याची.

ज्यांनीं या गाण्याकडे लक्ष दिलें ते बहुधा अभ्यासक होते. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या निमित्तानें १९१३ ते १९२९ या काळांत देशांतील अनेक भाषांच्या तबकड्या सरकारी खर्चानें तयार झाल्या; मध्यप्रांतांतील भाषाही त्यांत आल्या. पण तेथें हेतु भाषेच्या नमुन्याचा होता. निरनिराळ्या बोलींची तुलना करतां यावी म्हणून बहुतेकांकडून बायबलांतील उधळ्या पुत्राची कथा वदवून घेण्यांत आली. ज्याची स्वतःची गाणीं रात्रभर पुरतात त्याच्याकडून परक्याची कथा वदवावी, आणि त्याचाच आवाज जपला जावा, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे. पुढें व्हेरियर एल्विन यांनीं आपले मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मैकल डोंगरांत राहून गोंडांचीं गीतें जमविलीं. त्यांचें पहिलें पुस्तक १९३५ सालीं निघालें. चांद्याच्या दक्षिणेस, आदिलाबादेकडील राजगोंडांमध्यें फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीं १९४० नंतर दीर्घ काळ काम केलें व परधानांच्या कथा टिपून घेतल्या. हे उपकार मोठे आहेत. तथापि छापील पानावर गाण्याचा अर्थ येतो, तोही दुसऱ्या भाषेंतून. चाल मागेंच राहते.

यावरून या मुलुखांत गाणीं एकमेकांना देण्याची रीत नव्हती, असा समज मात्र कोणीं करून घेऊं नये. ती होती आणि फार बलवान् होती. तिला तबकडीची गरज नव्हती इतकेंच. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली कीं गांवोगांव मंडई भरते, दंडार उभी राहते, आणि झाडीपट्टीचीं नाटकें रात्ररात्र चालतात. वडसा हें त्यांचें आजही केंद्र आहे. त्या रंगभूमीवर गाणें हें नाटकाचा प्राण समजतात; एका गांवीं आवडलेलें पद पुढच्या गांवची मंडळी मागून घेतात. हीही शिफारसच आहे. फक्त ती बैलगाडीनें प्रवास करी. तुकडोजी महाराजांचीं भजनें अशींच खंजिरीच्या तालावर तोंडोतोंडीं पसरलीं, आणि चिमूर भागांतील जनतेवर त्यांचा केवढा परिणाम होता हें १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानें सरकारला कळून चुकलें. त्याच महिन्यांत महाराजांना अटक झाली. त्याच वर्षीं अमेरिकेंत लाखेच्या टंचाईनें नव्या तबकड्यांना कात्री लागत होती. इकडे गाण्याला लाख लागतच नव्हती.

काळ पुढें गेला. १९४८ सालीं नागपुरास आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें. लाखेची तबकडी गेली, तिच्या जागीं आधीं कृत्रिम द्रव्याची लांब वाजणारी तबकडी, मग फीत आणि शेवटीं खिशांतला फोन आला. चांद्याचें १९६४ सालीं चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुद्रणाचें जें साधन पूर्वीं कलकत्त्याच्या कारखान्यांत होतें तें आज भामरागडच्या तरुणाच्या हातांत आहे. शेजारच्या छत्तीसगडांत २०१० सालीं 'सीजीनेट स्वर' ही योजना निघाली. तींत साध्या फोनवरून गोंडी बोलणाऱ्या लोकांनीं आपल्या तक्रारी नोंदविल्या आणि त्यांच्या जोडीनें आपलीं गाणींही. शंभर वर्षांत कोणत्याही कंपनीनें जें विचारलें नाहीं तें सांगण्याची संधि मिळतांच लोक गाऊं लागले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

म्हणजे पहिलें पाऊल, मुद्रणाचें, आतां सोपें झालें आहे. अडलें आहे तें दुसरें. गोंड तरुण आपलें गाणें आपल्या मित्रांना पाठवितो. तें चंद्रपूरच्या वा नागपूरच्या सुशिक्षित घरांत अजून येत नाहीं, कारण 'हें ऐकाच' असें म्हणणारा मधला माणूस नाहीं. यावर एक आक्षेप विचारार्ह आहे. पुष्कळशीं गाणीं ऋतूशीं, पूजेशीं, लग्नाशीं किंवा मृत्यूशीं बांधलेलीं असतात. तीं उचलून करमणुकीसाठीं घरांत आणणें म्हणजे डहाळीवरची लाख खरवडून नेण्यासारखेंच झालें, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. जें गाणें त्या समाजाला बाहेर जाऊं द्यावयाचें नसेल त्याला हात लावण्याचा आपल्याला अधिकार नाहीं, आणि जें ते आनंदानें देतील त्यावर गाणाराचें, गांवाचें व भाषेचें नांव असलेंच पाहिजे. परंतु या सावधगिरीचें निमित्त करून न ऐकण्याची जुनी संवय तशीच चालू ठेवणें, हा न्याय नव्हे.

ब्रह्मपुरीच्या त्या वृद्ध गृहस्थांना मीं निघतांना विचारलें, बाहेरच्या बाया गात होत्या तें गाणें कोणतें? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ऐंशी वर्षें कानांवर आहे, कधीं विचारलें नाहीं." मग त्यांनीं स्वतः बांधाकडे माणूस पाठविला. त्या बायांनीं हंसत हंसत निरोप धाडला कीं गाणें घरांत म्हणावयाचें नाहीं, चिखलांत उतरा म्हणजे सांगूं. आम्ही जोडे काढून बांधावर गेलों. तबकडी ऐकवितांना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता होती, आपल्याला आवडलेलें दुसऱ्याला आवडतें कीं नाहीं याची, तीच त्या बायांच्या चेहऱ्यावर मला दिसली.